आजीचा बंब, अडकित्ता आणि खिडकीतला उजेड: जुन्या वस्तूंचे फोटो घरी कसे काढता?

सोनकी (सातारा)

नमस्कार मंडळी. माची पेठेतलं आमचं आजोळचं घर पुढच्या उन्हाळ्यात पाडायचं ठरलंय. गेले दोन रविवार मामा, आई आणि मी मिळून माळा रिकामा करतोय. पाणी तापवायचा तांब्याचा बंब, अंघोळीच्या पाण्याची दोन घंगाळं, पितळी डबे, पानाचा डबा, अडकित्ता, एक कंदील, लाकडी फणेरपेटी (आरसा-फणीची), धान्याची मापं, सोऱ्या, रवी, अंग घासायची वज्री... सगळी ओसरी भरलीय. दिवाळीनंतर वाटण्या होतील. काही वस्तू मावश्यांकडं पुण्याला जातील आणि काही मोडीत जातील, हे मला आत्ताच दिसतंय.

त्याआधी या वस्तूंचे चांगले फोटो काढायचेत. आमच्या शाळेत इंटरमीजिएटच्या स्थिरचित्राच्या तयारीला सर टेबलावर चादर टाकून बादली, दोन वांगी आणि एक नॅपकिन मांडायचे आणि म्हणायचे, "आधी दहा मिनिटं नुसतं बघा, मग पेन्सिल उचला." मला तसे फोटो हवेत, दहा मिनिटं बघावेसे वाटणारे.

भावाचा जुना डीएसएलआर आहे, १८-५५ची लेन्स. ट्रायपॉड नाही. काल पहिला प्रयत्न केला. बंबात खिडकी, ट्यूबलाइट, पंखा, दोरीवर वाळत घातलेली मामाची बनियन आणि मधोमध कॅमेरा धरलेली मी, असं सगळं दिसतंय. तांब्याचा रंग आणि त्यावरचे ठोके मात्र कुठं दिसत नाहीत.

हे प्रतिबिंब कसं आवरायचं? मागं काय लावायचं? आणि ज्यावरून घरात वाद चाललाय तो प्रश्न: भांडी घासून फोटो काढायचे, की आहेत तशी काळपट?

अनुस्वार

बंबात बनियन ओळखू येतेय म्हणजे फोकस अगदी बरोबर बसलाय. :)

उत्तरखिडकी (विश्रामबाग, सांगली)

ताई, धागा फार आवडीचा निघाला. सविस्तर लिहितो.

चकचकीत धातू समोर जे असेल ते दाखवतो. ते पुसून टाकता येत नाही, पण त्याच्यासमोर काय असावं ते आपण ठरवू शकतो. बंबाच्या दोन्ही बाजूंना दोरी बांधून पांढरी धोतरं किंवा चादरी सोडा. वरूनही एक टाका, म्हणजे पंखा गेला. समोर दोन चादरींच्या मध्ये लेन्सपुरती फट ठेवा. खिडकीचा उजेड चादरीतून गाळून येऊ दे. आता बंबात फक्त पांढरेपणा दिसेल आणि त्यातून तांब्याचा रंग वर येईल.

पण इथंच थांबलात तर बंब प्लास्टिकचा दिसेल. त्याला कड हवी. म्हणून एका बाजूच्या चादरीवर काळ्या कार्डशीटची वीतभर रुंद उभी पट्टी लावा. ती बंबाच्या गोलाईवर बारीक काळी रेघ होऊन उमटते आणि भांडं एकदम गोल, जड दिसायला लागतं. पट्टी बोटभर इकडं-तिकडं सरकवून बघा. माझा सगळ्यात जास्त वेळ यातच जातो.

कॅमेरा लांब न्या, लेन्स ५५वर (पूर्ण झूमवर) ठेवा. जवळ जाऊन १८वर काढलेला तांब्या पोटाला फुगतो आणि तळाला निमुळता होतो. फोन असेल तर दुप्पट झूमची लेन्स वापरा. अंगात गडद कपडे घाला, टायमर लावा आणि बाजूला व्हा.

ट्रायपॉड नसला तरी चालेल. पाटावर तांदळाची दोन किलोची पिशवी ठेवून तिच्यात कॅमेरा नीट रुतवा. आयएसओ (उजेडाची संवेदनक्षमता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ ८ आणि शटर अर्धा सेकंद लागला तरी बिघडत नाही, वस्तू कुठं पळून जात नाहीत. आणि ट्यूब बंद करा. खिडकीचा उजेड आणि ट्यूबचा उजेड एकत्र आले की पितळेवर हिरवट झाक येते, ती नंतर काढणं फार जिकिरीचं.

एक धोक्याची सूचना: कुणी सांगेल पोलरायझर फिल्टर घ्या, चमक जाते. उघड्या धातूवरून परतणाऱ्या उजेडावर त्याचा जवळजवळ काही उपयोग होत नाही. पैसे वाचवा.

बेलफळ

फोटोतलं मला कळत नाही, घासण्यातलं कळतं. घासा!

हल्ली काळपट भांड्यांचे फोटो काढायची टूम निघालीय. त्याला म्हणे जुनेपणाचा सुगंध. सोनकीताई, तुमच्या आजीच्या हयातीत बंब काळा होता का? आमच्याकडं तर दर गुरुवारी चिंच-मीठ लावून बंब, घंगाळ, तांब्ये राखेनं लख्ख व्हायचे. अंगणात पालथे घातले की सूर्याकडं बघवायचं नाही तसं त्यांच्याकडं बघवायचं नाही. आज तो काळा आहे, कारण तो वीस-पंचवीस वर्षं माळ्यावर पडलाय. हा काळेपणा आजीच्या हातचा नाही, आपल्या दुर्लक्षाचा आहे. तो फोटोत जपून काय दाखवणार?

चिंचेचा कोळ आणि मीठ, पाच मिनिटं, हलक्या हातानं, मग भरपूर पाणी आणि लगेच कोरड्या फडक्यानं पुसणं. ओलं राहिलं तर दुसऱ्या दिवशी डाग पडतात.

उत्तरखिडकी

बेलफळ, मी काळपटच ठेवा म्हणणार होतो. तुमचं वाचून थबकलोय. पटतंय, पण पूर्ण नाही. जरा विचार करून लिहितो.

अनुस्वार

वाचनखूण साठवली. घरच्यांनी वाचू नये म्हणून लपवून. आमच्याकडं घासायची बरीच भांडी आहेत.

माणदेशी

माग काय लावायचं म्हणून इचारलंय त्याचं सांगतो. काळी घोंगडी लावा. आमच्या म्हसवडकडची, हातमागाची, बिनरंगवलेल्या लोकरीची. मखमल आणू नका, ती चमकती आन धूळ दावती. घोंगडी उजेड पिऊन टाकती. तिच्यावर पितळ ठेवलं की असं उठून दिसतंय म्हणता, जणू रातच्याला कुणी दिवा लावला.

कडंची दशी दिसू द्या थोडी. फोटू बघणाऱ्याला कळू दे की मागं घोंगडी हाय.

आन फोटू लई उजळ येतोय म्हणून घाबरू नका. काळं जास्त असलं की कॅमेरा फसतो, उगं उजळ करतो. एक्स्पोजर उणे पाऊण-एक करायचं. फोनवर बोट दाबून धरायचं आन सूर्याचं चिन्ह खाली वढायचं.

सोनकी

माणदेशीदादा, मामाकडं घोंगडी आहे! कसरीनं एका कोपऱ्यात खाल्लीय, पण बाकी धड आहे. शनिवारी करून बघते. आणि बेलफळताई, तुमचं म्हणणं आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बघ, मी काय सांगत होते!"

कृष्णाकाठचा (गावभाग, सांगली)

जरा वेगळं लिहितोय, रागावू नका.

ऑगस्ट २०१९मध्ये आमच्या घरात पाणी आलं तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावर होतो. खाली काय काय होतं, याची आठवण पाणी उतरल्यावर एकेक करून आली. पितळ-तांबं चिखलातून निघालं, धुतलं, आजही आहे. पण आईची फणेरपेटी फुगून सांधे सुटले. फोटोंचे अल्बम एकमेकांना चिकटून दगड झाले. भाकरी थापायची लाकडी काठवट होती, आजोबांच्या आईची म्हणायचे. तिला तडा गेला आणि कुणीतरी चिखलाबरोबर टाकून दिली. कुणाला दोष नाही, आठ दिवस माणसं नुसता चिखल उपसत होती. २००५च्या पुरात हरिपूरची हळदीची पेवं (जमिनीतली कोठारं) गेली, तेव्हा मी ती बघायला गेलो होतो, पण तेव्हाही सुचलं नाही की घरी जाऊन आपल्या वस्तूंचे फोटो काढावेत.

आता त्या काठवटीचा आकार मी मुलीला हातानं दाखवतो. तिला कळत नाही.

म्हणून माझं सांगणं: घोंगडी, धोतर, काळी पट्टी सगळं नंतर. आधी प्रत्येक वस्तू पांढऱ्या चादरीवर ठेवा, शेजारी शाळेची पट्टी ठेवा आणि समोरून, बाजूनं, वरून, खालून असे चार फोटो काढा. त्यात कला आणू नका. एका दुपारी पन्नास वस्तू होतात. एक प्रत पुण्याच्या मावशीकडं ठेवा, एक दुसऱ्या गावी. मग निवांत चित्र काढत बसा.

उत्तरखिडकी

कृष्णाकाठचा, तुमच्या काठवटीचं वाचून वाईट वाटलं. नोंद आधी हवी, हे शंभर टक्के मान्य.

पण "कला आणू नका" याच्याशी माझं भांडण आहे. पट्टीशेजारी ठेवलेल्या अडकित्त्याचा फोटो मुलीला लांबी सांगेल. तो हातात घेतल्यावर किती जड लागायचा, ते नाही सांगणार. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये शार्दां नावाचा चित्रकार होऊन गेला (१६९९ ते १७७९). त्यानं स्वयंपाकघरातली तांब्याची भांडी, पाण्याची टाकी, एखादा कांदा एवढंच घेऊन चित्रं काढली. ती बघताना भांड्याचं वजन आपल्या मनगटात जाणवतं. तशी चित्रं आपल्या बंबाची का नसावीत?

कृष्णाकाठचा

असावीत की. पण आधी पट्टी. :)

उत्तरखिडकी

मान्य. आधी पट्टी.

राधाक्का

मी रोज वाचते, लिहीत नाही. आज राहवलं नाही.

इथं बरेच जण असे फोटो टाकतात. समई, तिच्याशेजारी अडकित्ता, मागं कंदील, पुढं खलबत्ता आणि वर झेंडूच्या पाकळ्या टाकलेल्या. बाळांनो, समईशेजारी अडकित्ता कुणाच्या घरात असायचा? समई देवघरात, अडकित्ता पानाच्या डब्यात आणि पानाचा डबा ओसरीवर बसायच्या जागेपाशी. खलबत्ता चुलीजवळ. ज्या वस्तू कधी एकमेकींच्या शेजारी बसल्या नाहीत त्या एकत्र मांडल्या की मला लग्नातल्या रुखवताची आठवण येते.

सोनकी, तू न्हाणीघराची एक मांडणी कर. बंब, त्याच्या तोटीखाली घंगाळ, घंगाळात तांब्या, काठावर वज्री आणि शिकेकाईची वाटी. पुढं दोन-चार गोवऱ्यांचे तुकडे आणि ढलप्या. पानाच्या डब्याची वेगळी कर. अडकित्ता अर्धा उघडा, सुपारीचं खांड फोडलेलं, डबीला चुना लागलेला. देव्हाऱ्यातलं देव्हाऱ्यातल्याबरोबर. मांडायला बसलीस की आईला शेजारी बसव, तिला विचार कुठं काय असायचं. तिचे हात आपोआप जातील.

आणि वस्तू झिजलीय कुठं ते बघ. आमचं लाटणं मधे बारीक झालंय, पोळपाटाचा एक पाय आखूड झालाय. विळीच्या पाटावर जिथं आईचा गुडघा टेकायचा तिथं लाकूड गुळगुळीत झालंय. तिथं उजेड पाड. नवीन घेतलेल्या लाटण्याचा असा फोटो येणार नाही.

बेलफळ

राधाक्का, दंडवत. माझं घासण्याचं म्हणणं आणि तुमचं झिजण्याचं म्हणणं एकच आहे. झीज घासूनच आली ना!

सोनकी

राधाक्का, तुम्ही लिहिलंत म्हणून फार बरं वाटलं. आईला शेजारी बसवणं हे डोक्यात आलंच नव्हतं, मी तिला मधे येऊ नको म्हणत होते.

कराडकर ७२

कंदिलाच्या काचेवर आणि टाकीवर काय लिहिलंय बघा. 'प्रभाकर' असेल तर तो आमच्या ओगलेवाडीचा. ओगले काच कारखाना १९१६मध्ये सुरू झाला, ती जागा तेव्हा औंध संस्थानात होती. कराड रेल्वे स्टेशनला उतरलात की तुम्ही ओगलेवाडीतच असता. आमच्या लहानपणी घरात चार कंदील होते आणि रोज संध्याकाळी काचा पुसायचं काम माझ्याकडं. आत फुंकर मारायची, वाफ धरली की वर्तमानपत्राचा बोळा फिरवायचा. जास्त काजळी असेल तर राख. काच फुटली की दोन दिवस घरात तोंड दाखवायची सोय नसायची.

फोटोसाठी सांगतो. पेटवायचा असेल तर सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटांत काढा. खिडकीत निळसर उजेड असतो आणि वातीचा पिवळा, दोन्ही बरोबरीनं येतात. उशीर केलात तर खिडकी काळी होते आणि नुसती ज्योत भाजल्यासारखी पांढरी येते. वात अगदी खाली ठेवा. रॉकेल मिळवणं आता अवघड झालंय, पण म्हणून टाकीत दुसरं काहीबाही ओतू नका. नाही मिळालं तर विझलेलाच काढा, मागून उजेड घेऊन. काच सुंदर दिसते. आणि पेटवलात तर घोंगडीपासून हातभर लांब!

अवांतर: आपल्या सातारा जिल्ह्यातल्या औंधला कधी गेला नसाल तर श्री भवानी संग्रहालय बघून या. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभं केलं. ते स्वतः चित्रं काढायचे. वस्तूकडं बघायचं कसं याची सवय डोळ्याला लागते.

अनुस्वार

अवांतराला अवांतर: पुण्याचं केळकर संग्रहालयही. दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून अडकित्ते, दिवे, दौती, भांडी अशा घरगुती वस्तू गोळा केल्या, मुलगा राजा गेला त्याच्या आठवणीसाठी. १९७५मध्ये सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. एका भिंतीवर इतके अडकित्ते बघून मला माझ्या आजोबांचा तंबाखूचा वास आला होता.

मिरज मेल

उत्तरखिडकी, पोलरायझरबद्दल थोडी दुरुस्ती. धातूला उपयोग नाही हे खरं. पण आमच्याकडं मिरजेला तंबोऱ्याच्या भोपळ्यावर पॉलिश असतं, त्यावर तो सुरेख चालतो. काचेवर, व्हार्निशवर, लाकडाच्या पॉलिशवर चमक पडली असेल तर कॅमेरा सरळ समोरून साधारण ५५ अंश तिरका ठेवून फिल्टर फिरवायचा. मधेच एका ठिकाणी चमक विरघळते आणि खालचं लाकूड दिसतं. सोनकीताईंच्या फणेरपेटीला पॉलिश असेल तर तिच्यासाठी उपयोगी.

आमच्या घरात तारा तुटलेला एक तंबोरा आहे. त्याचे फोटो काढताना वडील म्हणाले, तो आडवा ठेवून काढ. गवसणीतून काढला की आधी आडवाच ठेवतात, उभा फक्त वाजवताना. आधी मला ते बरोबर वाटलं नाही, पण राधाक्कांचं वाचून आता उलगडलं.

उत्तरखिडकी

मिरज मेल, बरोबर. मी फक्त बंबापुरतं लिहिलं होतं. धन्यवाद.

चिपटं-मापटं

धान्याची मापं आहेत म्हणता, ती क्रमानं लावता येतात का बघा. दोन निळवी म्हणजे एक कोळवं, दोन कोळवी म्हणजे चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर. दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. पायलीपर्यंत प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. तिरक्या उजेडात लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं ठेवलीत तर सावल्याही टप्प्याटप्प्यानं वाढत जातात. मी शिक्षक होतो. १९५६च्या कायद्यानं दशमान मापं आली, तरी खेड्यात आम्ही मुलांना दोन्ही शिकवत होतो, कारण घरी आई ज्वारी शेरानंच मोजायची.

दुसरं, आणि हे महत्त्वाचं. घासण्याआधी प्रत्येक भांड्याचा काठ आणि तळ बघा. पूर्वी भांड्यावर नाव घालून घ्यायची पद्धत होती. बाजारात नाव घालणारा बसायचा, बारीक छिन्नीनं ठोकत ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं पाडायचा. कुणाकडून, कुणाला, कधी, हे सगळं भांड्यावर असतं. पन्नास वर्षं घासून ती अक्षरं पुसट होतात, समोरून उजेड टाकला तर दिसतही नाहीत. खोलीत अंधार करा. टॉर्च भांड्याच्या पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवा मारा. ठिपक्यांच्या खळग्यात सावली धरते आणि अक्षरं उठतात. कॅमेरा हलू देऊ नका, टॉर्च चारी दिशांनी फिरवत चार-पाच फोटो काढा. एका फोटोत न वाचलेलं दुसऱ्यात वाचता येतं.

उत्तरखिडकी

काका, हे फार मोलाचं सांगितलंत. बेलफळ, माझं उत्तर आता मला सापडलं. नावं वाचून, त्यांचे फोटो काढून होईपर्यंत हात लावायचा नाही. त्यानंतर न्हाणीघरातली आणि देव्हाऱ्यातली भांडी घासा, कारण ती लख्खच असायची. कढईच्या बुडाची काजळी, सोऱ्याच्या चकतीतलं जुनं पीठ, पानाच्या डब्यातला चुना राहू दे, कारण तो तसाच असायचा.

बेलफळ

हे मला मान्य. पण सोऱ्यातलं पीठ नाही हं! सोऱ्या धुऊनच ठेवायचे.

राधाक्का

धुऊन, पुसून, उन्हात.

उत्तरखिडकी

सोऱ्या मागे घेतला.

जुनी फिल्म

मी १९७०च्या दशकात आग्फा क्लिक थ्री वापरायचो. १२०चा रोल, बारा चौकोनी फोटो. फोकस ठरलेला, जवळची वस्तू धूसर. त्यामुळं माझ्याकडं घरातल्या सगळ्या माणसांचे ओसरीवर उभे फोटो आहेत आणि त्यांच्या हातातल्या वस्तूंचा एकही धड नाही. आजीच्या हातात जपमाळेची गोमुखी आहे, ती एक करडा ठिपका दिसते. आजच्या फोनमध्ये हे जवळचं काढता येतं याचं मला रोज अप्रूप वाटतं. सोनकी, वाटणी होण्याआधी एक फोटो माणसांसकट काढा. प्रत्येकानं हातात एक वस्तू धरून, ओसरीवर.

सोनकी

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांचं सगळं करून बघितलं.

पहिला रविवार पट्टी आणि पांढरी चादर. कृष्णाकाठचा, एका दुपारी पन्नास नाही झाल्या, एकतीस झाल्या. मामा प्रत्येक वस्तूची गोष्ट सांगायला लागला, मी ती फोनवर रेकॉर्ड करत गेले. आता फोटोंचा क्रमांक आणि आवाजाचा क्रमांक एकच ठेवलाय. मूळ फायली मावशीकडं पाठवल्या.

बंब जमला! दोन चादरी, आजोबांचं धोतर आणि काळी पट्टी. पट्टी सरकवताना एका क्षणी बंबाला एकदम पोट आलं, मी ओरडलेच. आमची उत्तरेची खिडकी रस्त्याकडं आहे आणि त्या दिवशी आभाळ भरून आलेलं होतं, त्यामुळं उजेड तासभर जराही बदलला नाही. श्रावणातल्या ढगांसारखी चादर कुठं मिळणार नाही. घोंगडीचंही अगदी तसंच झालं जसं माणदेशीदादांनी लिहिलंय. पाऊण उणे पुरेसं नव्हतं, एक उणे केलं. कसरीनं खाल्लेला कोपरा फोटोत राहू दिलाय.

न्हाणीघराची मांडणी आईनंच केली. मी घंगाळ बंबाच्या समोर ठेवलं होतं. ती उठली, घंगाळ डाव्या हाताला सरकवलं, तांब्या उलटा करून त्याच्या काठावर ठेवला आणि म्हणाली, "तुझी आजी डावखुरी होती." मला हे माहीत नव्हतं. तिला जाऊन बावीस वर्षं झाली.

कंदील 'प्रभाकर'च आहे, कराडकर. टाकीवर अक्षरं आहेत. रॉकेल नाही मिळालं, मागून उजेड घेऊन काढला. काचेला एक बुडबुडा आहे, तो चांदणीसारखा चमकतोय.

आता नावं. चिपटं-मापटं काका, रात्री सगळे दिवे घालवून आम्ही तिघं ओसरीवर टॉर्च घेऊन बसलो होतो. मोठ्या घंगाळाच्या काठावर आजीचं माहेरचं नाव आहे. आईनं जन्मात पहिल्यांदा ते लिहिलेलं बघितलं. पहिली दोन अक्षरं घासून गेलीत, पण टॉर्च डावीकडून धरला की त्यांच्या जागी नुसत्या खळग्यांची रांग दिसते. घंगाळ कुणाच्या वाटणीला जायचं यावर आता तिन्ही बहिणींचा फोन चालू आहे, पण ते होईल.

आणि रोजच्या वापरातला जो तांब्या, ज्यातून मी लहानपणी पाणी प्यायले, त्याच्या तळावर आमचं नावच नाही. दुसऱ्याच घराचं आडनाव आणि १९५८ साल. मामा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, शेजारच्या वाड्यात एक कुटुंब होतं, सणावाराला भांड्यातून फराळ इकडून तिकडं जायचा. तो तांब्या कधीतरी भरून आला असणार आणि परत जायचा राहिला. ते लोक सातारा सोडून गेले तेव्हा मामा शाळेत होता.

तो तांब्या घासलेला नाही. त्याचा फोटो सगळ्यात शेवटी काढला, घोंगडीवर, एकटाच, पाण्यानं भरून. वाटणीत तो धरायचा नाही असं सगळ्यांचं ठरलंय.

बेलफळ

पाण्यानं भरून काढलात. फार छान केलंत. रिकामा तांब्या परत देत नाहीत.

राधाक्का

भरल्या भांड्यात साखरेचे चार दाणे तरी टाकून पाठवायची पद्धत होती. जायची वेळ आली तर ध्यानात ठेव.

चिपटं-मापटं

सोनकी, ते आडनाव इथं सगळ्यांसमोर लिहू नका, मला खाजगी निरोपात कळवा. माझी नोकरीची पहिली अकरा वर्षं माची पेठेत गेली. त्या काळची बरीच मुलं माझ्या हाताखालून गेलीत.

सोनकी

काका, निरोप पाठवलाय. तळाचे पाचही फोटो जोडलेत. तिसऱ्या फोटोत टॉर्च उजवीकडून आहे, त्यात सगळ्यात स्पष्ट वाचता येतं.